अण्णांची वही

दिवाळीच्या आधी तळणीचा वास सगळ्यांच्याच घरी येतो. आमच्या घरी त्याच्याही चार दिवस आधी आणखी एक वास येतो, तो नव्या वहीचा. लाल कापडी बांधणीची, लांबट, उघडली की खळीचा आणि कोऱ्या कागदाचा वास एकदम नाकात शिरणारी वही. पाडव्याला तिची पूजा व्हायची, पहिल्या पानावर अण्णांच्या हातचे वळणदार ‘श्री’ उमटायचे आणि त्याखाली गेल्या वहीतली शिल्लक पुढे ओढली जायची. लहानपणी मला वाटे, सगळ्यांचे वडील असेच करत असतील. पुढे कळले, की बाकीच्यांचे वडील पाडव्याला फक्त ओवाळून घेतात.

अण्णा सांगलीच्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. १९६२ साली, वयाच्या १९ व्या वर्षी त्या गादीवर बसले ते २००३ साली उठले. पेढीची कीर्द पेढीवर आणि घरची कीर्द घरी. दूध, भाजी, दळण, रिक्षा, देवापुढचे नारळ, माझ्या शाळेची फी, ताईच्या बांगड्या; सगळे त्या दिवशी, त्या तारखेला, पैशासकट. आमच्या घरात ‘किरकोळ’ हा शब्द लिहायला बंदी होती. “किरकोळ म्हणजे चोराचं खातं,” असे अण्णा म्हणत. आई कधी म्हणाली, “अहो, दोन रुपयांची कोथिंबीर ती, मांडा किरकोळात,” तर ते हसून म्हणत, “कोथिंबिरीला नाव आहे ना? मग ते लिहायला शाई जास्त लागत नाही.”

आई २०१६ साली गेली. त्या महिन्याच्या पानांवरही एक ओळ चुकलेली नाही. फुलांचे हार, लाकडे, भटजी, दहाव्याची भाजी. ते मी नंतर पाहिले तेव्हा मला अण्णांचा थोडा रागच आला होता. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले आणि आमच्या खालच्या मजल्यात शिरले. त्यात जुन्या सगळ्या वह्या गेल्या. पन्नासएक वर्षांचा संसार लगदा होऊन परसात पडला होता. अण्णांनी तो पायाने जरा उकरून पाहिला आणि म्हणाले, “चला, आता कुणी तपासणी करायला यायला नको.” आम्ही सगळे हसलो. माणूस खंबीर आहे, असे पाहुण्यांना अभिमानाने सांगितले.

हे सांगण्याचे कारण, की पुढे जे झाले त्याचा या दोन गोष्टींशी संबंध जोडायचा मोह मला फार झाला. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी तो मोडून काढला. पण ते नंतर.

२०२३ च्या पावसाळ्यात अण्णांना ८० वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर कधीतरी, नेमके केव्हा ते सांगता येणार नाही, ते आमराईतल्या सकाळच्या फेरीला जाईनासे झाले. गुडघा म्हणाले. मग जेवण कमी झाले. पोट साफ होत नाही म्हणाले. मग पाठ, मग डोक्यात घुमणे, मग तोंडाला चव नाही. वर्तमानपत्र हातात असे, पण पान उलटलेले दिसत नसे. पहाटे तीनला उठून अंधारात बसून राहत. दिवा लावला तर म्हणत, “राहू दे, वीज जळते.”

आमच्या हिने पहिल्यांदा नाव ठेवले: “अण्णांना करमत नाही.”

हा आपला शब्द मोठा गमतीचा आहे. करमत नाही याला कर्ता नाही, कारण नाही, इलाजही नाही. सासरी गेलेल्या मुलीला करमत नाही, वसतिगृहातल्या पोराला करमत नाही, आणि चार दिवसांनी करमू लागते. ‘नैराश्य’ हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, परीक्षेत नापास झालेल्याला आणि प्रेमात हरलेल्याला देतो. म्हाताऱ्या माणसाला आपण तो देतच नाही. त्याला करमत नाही एवढ्यावर आपले भागते. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. त्याचे तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, हे व्यासांनी नीट टिपून ठेवले आहे. अण्णांचेही तोंड कोरडे पडत होते. पण आम्ही विषाद वगळून थेट दुसऱ्या अध्यायावर आलो. शेजारच्या काकांनी दासबोध आणून दिला, एकांनी हरिपाठ सुचवला, मी स्वतः “अण्णा, मन खंबीर ठेवा” हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणू लागलो. ते “हं” म्हणत.

त्या दिवाळीत नवी वही आली नाही. मी विचारले तर म्हणाले, “जुनीत पानं आहेत.” खरोखरच होती. मला ते काटकसरीचे वाटले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “ऐंशी झाली हो. आता त्यांनी काय लेझीम खेळायचं?” शक्तीचे औषध दिले आणि झोपेची गोळी दिली. त्या गोळीने अण्णा पाचव्या रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडले. हाड मोडले नाही हे नशीब. म्हाताऱ्यांना झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो आणि बुद्धीही जड होते, हे मला आता पाठ आहे. तेव्हा मी उंबऱ्याला दोष दिला आणि गवंडी बोलावला.

संक्रांतीला ताई पुण्याहून आली. चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी मला ओट्याशी गाठून म्हणाली, “दादा, हे म्हातारपण नाही. माझ्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. मनाच्या डॉक्टरला दाखव.”

मला राग आला. वर्षभर सांभाळतो मी, आणि चार दिवसांत हिला कळले! मी म्हणालो, “अण्णांना वेड लागलंय असं म्हणायचंय का तुला? ज्या माणसानं आयुष्यात एक आकडा चुकवला नाही, त्याला मी वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊ?” ताई म्हणाली, “आकडा चुकतोय का ते वही काढून बघ एकदा.”

मी वही काढली ती ताईला खोटे पाडायला.

जूनपर्यंतची पाने नेहमीसारखी होती. ऑगस्टात नोंदी विरळ झाल्या. सप्टेंबरात एका ओळीशी मी थांबलो. ‘किरकोळ ५००’. पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘किरकोळ’. ऑक्टोबरात आठवड्याला एकच नोंद, आणि तीही तीच. बासष्ट सालापासून ज्या खात्याला घरात पाऊल ठेवू दिले नव्हते ते खाते येऊन बसले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. नोव्हेंबर-डिसेंबरची पाने कोरी.

पण जानेवारी उघडली आणि माझा जीव भांड्यात पडला. पान भरलेले होते! अक्षर थोडे हललेले, पण नोंदी ठसठशीत, नावानिशी. वाचनालयाची वर्गणी पूर्ण दिली. शिंप्याचे जुने ८० रुपये दिले. वर्तमानपत्रवाल्याला मार्चअखेरपर्यंतचे आगाऊ दिले. मित्राच्या मुलाला २०० परत. शेजारची छत्री परत केली, तीही लिहिली होती, पैशाच्या घरात रेघ ओढून. आणि शेवटी, ‘देणे नाही, घेणे नाही’.

मी ती वही हातात नाचवत स्वयंपाकघरात गेलो. “बघा, सुधारताहेत अण्णा!” ही हसली. ताई हसली नाही. तिच्या समाधानासाठी म्हणून मी मिरजेची वेळ ठरवली आणि वही पिशवीत टाकली. डॉक्टरला दाखवायला, की तुमची गरज उरलेली नाही.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी अण्णांना आजोबा म्हटले नाही, काका म्हटले नाही. “घरी काय म्हणतात तुम्हाला?” असे विचारले आणि तेव्हापासून अण्णाच म्हटले. कान कमी ऐकतो हे ओळखून खुर्ची उजव्या बाजूला सरकवली. मग पंधरा साधे प्रश्न विचारले, हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यायचे. आयुष्याबद्दल समाधान वाटते का, घर सोडून बाहेर जावेसे वाटते का, आपण निरुपयोगी झालो असे वाटते का, अशा धाटणीचे. ही प्रश्नावली अमेरिकेत यसॅवेज नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० नंतर तयार केली. आधी ती तीस प्रश्नांची होती, १९८६ साली पंधरांची झाली. तिच्यात भुकेचा, झोपेचा, अंगदुखीचा प्रश्न मुद्दामच नाही. कारण म्हाताऱ्याचे अंग दुखतेच, त्यावरून मनाचे काही कळत नाही. आम्ही मात्र सहा महिने अंगावरूनच सगळे ओळखत होतो.

मग बाई म्हणाल्या, “अण्णा, शंभरातून सात वजा करा. मग त्यातून पुन्हा सात. असं खाली या.”

मी मनात म्हटले, हा प्रश्न दिवाणजीला विचारताय! अण्णांनी बाईंकडे पाहिले, मग जमिनीकडे, आणि म्हणाले, “मला येत नाही.”

त्यांनी प्रयत्नच केला नाही. गरम पाण्याचे भांडे हातून सुटावे तसे मला झाले. मला वाटले, संपले. हा विसरण्याचा आजार, आता एकेक नाव पुसले जाणार. पण बाईंनी मला नंतर सांगितले, की ज्याची स्मृती खरोखर जाते तो बहुधा झाकून नेतो. काहीतरी उत्तर ठोकून देतो, विषय बदलतो, ‘मला सगळे आठवते’ म्हणतो. ज्याचे मन बसलेले असते तो स्वतःच म्हणतो, मला येत नाही, माझे डोके गेले. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून त्यांनी निकाल दिला नाही. “आधी मन उचलू, मग गणित पाहू,” एवढेच म्हणाल्या.

आणि मग मी ती वही काढली.

बाईंनी जानेवारीचे पान वाचले. सावकाश वाचले. वही मिटली नाही. अण्णांपुढे तशीच उघडी ठेवून त्या म्हणाल्या, “अण्णा, हिशेब सगळा मिटवलात?”

“हो.”

“मग पुढं काय?”

“पुढं काही नाही. आता जायला हरकत नाही.”

“देव नेईल तेव्हा, की आपणहून जावं असं मनात येतं?”

मी खुर्चीवरून उठलोच. हे विचारतात का कुणाला? नसलेले मनात भरवून द्यायचे! अण्णांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, “पहाटे येतं.”

ज्या पानाने मला आनंद झाला होता ते पान माझ्या वडिलांनी कशासाठी लिहिले होते, हे मला एका परक्या बाईसमोर, मिरजेच्या त्या खोलीत कळले. सारवासारव करून सांगण्यात अर्थ नाही. कळले, आणि मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

अण्णा पूर्वी पेढीच्या गोष्टी सांगत. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवे असत. जमिनीतल्या खोल अंधाऱ्या कोठ्या. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नसते, आतली हवा कोंडलेली असते. आधी कंदील दोरीने खाली सोडायचा आणि तो जळतो का पाहायचे. बाईंनी त्या दिवशी तेवढेच केले होते. असे स्पष्ट विचारल्याने माणसाच्या मनात नसलेला विचार येत नाही, असलेला बाहेर येतो, हे त्यांनी मला नंतर समजावून दिले. मला ते पटायला वेळ लागला, पण अण्णांचा चेहरा त्या उत्तरानंतर किंचित सैल झाला होता हे मी पाहिले होते.

इस्पितळात ठेवावे का, यावर बोलणे झाले. घरी सतत कोणीतरी जवळ असेल तर नको, असे ठरले. अण्णांच्या खोलीत माझे अंथरूण गेले. घरातली सगळी औषधे हिच्या कपाटात कुलपात गेली. पहिल्या रात्री तीनला अण्णा उठून बसले आणि काही बोलेनात. मी घाबरून गेलो तेव्हा माझ्या मुलीने तिच्या फोनवरून १४४१६ हा क्रमांक लावला. सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही टेलिमानस नावाची सोय आहे, पैसे पडत नाहीत. पलीकडून एक मुलगी शुद्ध मराठीत बोलली. एकटे सोडू नका, उपदेश करू नका, जवळ बसा, सकाळी डॉक्टरांना कळवा, असे म्हणाली. मला ‘उपदेश करू नका’ हे वाक्य लागले. दासबोध मी दुसऱ्या दिवशी परत केला.

रक्त तपासले. थायरॉइड ठीक निघाले, ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. त्याची इंजेक्शने सुरू झाली. मनासाठी सर्ट्रालिन नावाची गोळी, तीही आधी २५ मिलिग्रॅमची, तरण्याताठ्यांना देतात त्याच्या निम्मी. म्हाताऱ्यांच्या औषधाला हाच नियम, थोड्याने सुरुवात करायची आणि सावकाश चढायचे. पण चढायचे मात्र खरे, भीतीने खालीच थांबायचे नाही. पहिले दहा दिवस मळमळ. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रक्त, कारण या गोळ्यांनी कधी कधी म्हाताऱ्यांच्या रक्तातले सोडियम उतरते आणि मग माणूस बरळू लागतो. अण्णांचे उतरले नाही.

या औषधांचा परिणाम चार-सहा आठवड्यांनी दिसतो, वृद्धांत त्याहून उशिराही. म्हणजे माणूस बुडत असताना आपण दोर फेकायचा आणि दीड महिना काठावर बसायचे. हे बसणे मला फार जड गेले. बाईंनी विजेच्या उपचारांबद्दलही सांगून ठेवले. अन्नपाणी सुटले किंवा धोका वाढला तर ते करावे लागतील, आणि वृद्धांना त्यांचा गुण चांगला येतो. माझ्या डोळ्यांपुढे जुने चित्रपट आले. आता ते भूल देऊनच करतात, आणि २०१७ च्या कायद्याने तसे न करण्यावर बंदी आहे. अण्णांना त्याची पाळी आली नाही.

पण बाईंचे खरे औषध मला दुसरेच वाटते. त्यांनी वही मागवली आणि वहीतच लिहून दिले, ‘रोज तीन नोंदी’. अण्णा म्हणाले, “इच्छा होत नाही.” बाई म्हणाल्या, “इच्छा कोण विचारतंय? पेढीवर इच्छा झाली की लिहीत होता का? आधी लिहायचं. इच्छा मागनं येते, तिला पायी यावं लागतं.” अण्णांनी पहिल्या दिवशी लिहिले ते असे: दूध. दूध. दूध. हिने ते पाहून पदर डोळ्यांना लावला. मला हसू आले. कोणाचे बरोबर होते, कोण जाणे.

दुसऱ्या भेटीत बाईंनी मला बाहेर बसवले आणि अण्णांना फेरीला न जाण्याचे कारण विचारले. गुडघा नव्हता. पावसाळ्यात एकदा आमराईतून परतताना लघवीचा आवर राहिला नव्हता, धोतर ओले झाले होते, आणि समोरून ओळखीचे दोघे येत होते. त्या दिवसानंतर माझ्या वडिलांनी घराबाहेर पाऊल टाकले नव्हते. मला सांगितले नाही, कारण मी मुलगा. सुनेला सांगणे तर शक्यच नव्हते. बाई नंतर म्हणाल्या, नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक इमिप्रामिन, त्याचा गुण १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये कळला. ते आणि त्याच्या जातीची औषधे गुणाची आहेत, पण तोंड कोरडे करतात, बद्धकोष्ठ करतात, लघवी अडवतात. अण्णांना ती दिली असती तर आगीतून फुफाट्यात. प्रोस्टेटच्या डॉक्टरला दाखवले, फेरीची वेळ आणि चहाची वेळ यांत अंतर ठेवले, वाटेवरच्या सोयीच्या जागा अण्णांना कागदावर लिहून दिल्या. अडचण सोडवायची ती अशी, एकेक धागा सुटा करून.

गोव्यात या रीतीचे काम ‘संगाथ’ या संस्थेने पुष्कळ केले आहे, आणि तेही डॉक्टरांच्या हातून नव्हे. गावातल्याच साध्या, शिकवून तयार केलेल्या माणसांनी मन खचू लागलेल्या, पण अजून आजार न जडलेल्या साठीपुढच्या लोकांना भेटून त्यांच्या अडचणी ऐकल्या, त्या सोडवायच्या पायऱ्या शिकवल्या, झोपेची शिस्त लावली, मधुमेहासारख्या दुखण्याची काळजी घ्यायला शिकवले, सरकारी योजनांची वाट दाखवली. १८१ जणांवरचा तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अशी सोबत मिळाली त्यांच्यात शंभरी सुमारे चौघांना पुढे आजार झाला. नेहमीचीच काळजी मिळाली त्यांच्यात शंभरी सुमारे चौदा जणांना. वाचून मला वाटले, आमच्या अण्णांकडे त्या पावसाळ्यात असे कोणी येऊन नुसते विचारते, की फेरी का बंद केलीत! मी घरातच होतो. मीही विचारू शकत होतो.

पहाटेच्या बसण्यामागे आणखी एक गोष्ट निघाली. १९८१ साली एका शेतकऱ्याच्या १२ पोत्यांची हमाली अण्णांनी दोनदा नावे टाकली, त्याचे पैसे बुडाले, त्या पापाची ही शिक्षा, असे ते धरून बसले होते. चाळीस वर्षांपूर्वीची हमाली! मी समजूत घालायला गेलो की त्यात किती पैसे असणार, तर अण्णा म्हणत, “प्रश्न रकमेचा नाही.” बाई म्हणाल्या, वाद घालू नका. म्हाताऱ्या माणसाचे मन खचले की ते जुन्या पेट्या उघडते आणि त्यातली एखादी चूक हाताला लागली की तिचा डोंगर करते. कारण कळले म्हणून आजार कळला असे होत नाही. आई गेली, पूर आला, वय झाले. ही कारणे असतीलही, पण ती शोधत बसण्यात तुमचा वेळ जातो आणि त्यांचा दिवस.

सहा आठवडे झाले तरी काही दिसेना. गोळी ५० वर गेली होती. मी आशा सोडायच्या बेतात होतो. होळी झाली, आणि गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना बाहेरून अण्णांचा आवाज आला. चढा. मी फेस तसाच तोंडात घेऊन धावलो.

ओसरीवर दूधवाला उभा होता आणि अण्णा वही उघडी धरून त्याला म्हणत होते, “मार्चात तीन दिवस तू आलाच नाहीस. सहा, सात आणि एकोणीस. हे बघ. एकतीस दिवसांचे पैसे कसे लावलेस?”

दूधवाला वरमला. त्याने तीन दिवसांचे पैसे कमी केले. तो गेल्यावर मी त्याला फाटकाशी गाठून ते पैसे परत दिले आणि वर दहाची नोट दिली. तो माझ्याकडे वेड्यासारखा पाहत राहिला. पुस्तकांत वाचतो, की माणूस बरा होताना पहिल्यांदा हसतो. आमच्या घरी तो पहिल्यांदा भांडला.

त्यानंतरचे सगळे सरळ झाले असे नाही. मे महिन्यात एक आठवडा पुन्हा जड गेला. सकाळच्या पहिल्या दोन तासांत आजही अण्णांशी फार बोलायचे नसते. गोळी चालू आहे. बरे वाटू लागले म्हणून ती एकाएकी थांबवायची नाही, वृद्धांत ती पुढे वर्षभर तरी, पुष्कळदा अधिक काळ ठेवतात. शेजारच्या काकांनी “सवय लागेल” म्हणून सांगून पाहिले. अण्णा म्हणाले, “रक्तदाबाच्या गोळीची लागली आहे, हिची लागली तर दोघी सवती नांदतील.” कानाला यंत्र आले आहे. ते खिशात असते.

जूनमधल्या भेटीत बाईंनी पुन्हा तोच प्रश्न घातला. शंभरातून सात. अण्णांनी डोळे मिटले. “त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर. पासष्ट.” बाई म्हणाल्या, “पुरे, पुरे अण्णा.” अण्णा थांबेनात. “अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस. सदतीस. तीस. तेवीस. सोळा. नऊ. दोन.” मग डोळे उघडून म्हणाले, “दोन शिल्लक.” बाईंनी ते कागदावर लिहून घेतले.

२०२४ च्या दिवाळीत अण्णा स्वतः रिक्षाने पेठेत गेले आणि नवी वही घेऊन आले. मी बरोबर जातो म्हटले तर, “दिवाणजीला वही घ्यायला मुलगा लागतो होय?” रिक्षाचे ४० आणि वहीचे पैसे त्याच वहीच्या पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली आहेत. जुन्या वहीतले ते जानेवारीचे पान मी फाडून टाकावे की काय, या विचारात होतो. अण्णांना विचारले. ते म्हणाले, “वहीचं पान फाडायचं नसतं.” ते अजून आहे.

हा लेख लिहायला मी त्यांची परवानगी मागितली, आणि लिहून झाल्यावर त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा पुसून त्यांनी तो दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. छापायला हरकत नाही म्हणाले. धोतराची गोष्टही राहू दे, आणखी कुणी तसा घरात बसला असेल. “पण त्या हमालीचं चुकलंय,” ते म्हणाले. “बारा पोती नव्हेत, चौदा. आणि दोनदा पडली होती हे खरं. पण पुढच्या बाजाराला मीच ती त्याच्या खात्यावर जमा दिली होती. आता आठवलं.”

मी म्हटले, “मग लेखात दुरुस्त करतो.”

“खोडायचं नाही,” अण्णा म्हणाले. “खाली नवी नोंद घाल.”